संशयाचा फायदा



ज्या वकीलसाहेबांच्या स्मृतिप्रीत्यर्थ अलिबागेत ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या कचेरीत माझ्या उमेदवारीची पहिली सहा वर्षे गेली, आणि त्या वर्षांत कूळकायद्याच्या ज्या फायली माझ्या हातांखालून गेल्या त्यांनी मला एक गोष्ट जन्मभरासाठी शिकवली, ती ही की, न्यायासनापुढे उभा राहणारा मनुष्य कितीही हाडामांसाचा असला तरी निकाल लागतो तो दप्तरात त्याला दिलेल्या नावाचा. खाचर तेच, नांगर तोच, घाम गाळणारा देहही तोच. परंतु पीकपाहणीच्या रकान्यात त्याच्यापुढे ‘कूळ’ असा शब्द पडला असेल तर त्याच्या नातवंडांना जमीन मिळे, आणि तलाठ्याच्या लेखणीने त्याला नुसता गडी ठरवले असेल तर त्याच्या हाती कोर्टफीच्या पावत्या उरत. ज्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप करून उपासमार सोसली, त्यांच्या मुलखात एका शब्दाची किंमत मी वेगळी सांगावयास नको.

आज मी ज्या प्राण्याविषयी बोलणार आहे, त्याला दप्तरात नावच नाही. त्याची आई बहुधा लांडग्याची मादी असते आणि बाप गावकुत्रा. तो जन्मतो रानातल्या बिळात, वाढतो लांडग्यांच्या कळपात, आणि एखाद्या दिवशी मेंढवाड्याच्या कडेला उभा राहतो तेव्हा त्याला कोणत्या कायद्याने वागवावे, हे त्याला पाहणारा शेतकरी, वनरक्षक किंवा नगरपरिषदेचा आरोग्य निरीक्षक यांपैकी कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

लांडगा हा आपल्या किनाऱ्याचा प्राणी नव्हे. घाट चढून गेल्यावर पावसाच्या सावलीत जो कोरडा मुलूख सुरू होतो, सासवड, जेजुरी, सुपे, बारामती, इंदापूर, आणि पुढे नान्नजपर्यंत, तो त्याचा इलाखा. पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्ट या संस्थेची मंडळी तेथील कळपांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून आहेत, आणि त्यांना काही जनावरे अशी दिसली की ज्यांचा रंग आणि ठेवण लांडग्याच्या नेहमीच्या ओळखीत बसेना. त्यांच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात झाली, आणि अभिनव त्यागी, मिहीर गोडबोले, अबी तमीम वनक व उमा रामकृष्णन यांचा निबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा भारतीय माळरानात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर घडत असल्याचा पहिला जनुकीय पुरावा आपल्या हाती आला. हा पुरावा महाराष्ट्रातला आहे, पुणे जिल्ह्यातला आहे, आणि त्याचा आरंभ प्रयोगशाळेत झालेला नसून सामान्य नागरिकांच्या चौकस डोळ्यांत झाला, हे मला विशेष अभिमानाचे वाटते.

हा संकर घडतो कसा, हे थोडक्यात सांगतो. लांडगा आणि कुत्रा या दोघांचीही गुणसूत्रे ७८. त्यांची संतती खेचरासारखी वांझ नसते, ती पुन्हा लांडग्याशी किंवा कुत्र्याशी जोडा करू शकते, आणि म्हणून एकदा मिसळलेले रक्त पिढ्यानुपिढ्या पुढे वाहत राहते. कळप शाबूत असेल आणि माळ मोठा असेल तर लांडग्याची मादी कुत्र्याकडे ढुंकून पाहत नाही, उलट कुत्रा तिचे भक्ष्य होतो. परंतु कळप फुटला, नर विषाने किंवा मोटारीखाली गेला आणि तिच्या वाट्याला एकटेपण आले, की सभोवार शेकड्यांनी फिरणाऱ्या कुत्र्यांतून ती सोबती निवडते. संपूर्ण भारतात लांडगे उरले आहेत ते सुमारे तीन हजार. आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने असे दाखवले आहे की, आपल्या मैदानांतला हा लांडगा जगातील लांडग्यांच्या अत्यंत प्राचीन शाखांपैकी एक आहे. एवढी जुनी वंशरेषा आपल्या काळात, आपल्या उकिरड्यांवर पोसलेल्या कुत्र्यांच्या संख्येत विरघळू लागावी, याचे मला अतिशय दुःख होते.

आणि कळप का फुटतो, या प्रश्नाचे उत्तरही पुन्हा दप्तरातच सापडते. ज्या माळावर लांडगा, चिंकारा, खोकड आणि माळढोक नांदले, त्या माळाला आपल्या महसुली परिभाषेत ‘पडीक’ म्हणतात. पडीक म्हणजे जिचा उपयोग नाही ती, जी कोणी मागितली तर द्यावयास हरकत नाही ती. इंग्रजी अमदानीत सारा न देणाऱ्या जमिनीला जे नाव पडले ते स्वराज्यातही पुसले गेले नाही, आणि औद्योगिक वसाहत, ऊस, रस्ता, सौर पट्ट्या यांपैकी ज्याची त्याची पाळी येईल तसा तो माळ तुकड्यातुकड्यांनी निघून गेला. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांच्या थोडे वर आहे. लांडग्याचा एक कळप तेवढी भूमी एका रात्रीत पालथी घालतो.

चार वर्षांपूर्वी पौषात, माझ्या एका वर्गमित्राच्या शेतावर मी सुप्याच्या बाजूला उतरलो होतो. त्याच्या मोकळ्या रानात धनगरांचा वाडा बसला होता, वाघर लावून मेंढरे आत कोंडली होती, आणि गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घातलेला एक दांडगा कुत्रा वाड्याभोवती फेऱ्या घालीत होता. पहाटे उजाडता उजाडता वाड्यावरच्या म्हाताऱ्याने माझ्या खांद्याला हात लावून मला उठवले आणि बोट दाखवले. नांगरटीच्या पलीकडच्या बांधावर एक जनावर उभे होते. लांब, सडसडीत पाय लांडग्याचे. मान खाली घालून चालण्याची रीतही त्याचीच. परंतु छातीवर हाताच्या पंजाएवढा पांढरा डाग, आणि शेपटी टोकाशी किंचित वर वळलेली. पट्ट्याच्या कुत्र्याने कान टवकारले, तो भुंकला मात्र नाही. ते जनावर आमच्याकडे पाहत राहिले, मग बांधाबांधाने, एका ओळीत पावले टाकीत, निघून गेले. म्हातारा हलकेच म्हणाला, “ह्यो ना घरचा, ना रानाचा.”

त्या चार-पाच शब्दांत जो कायदेशीर पेच सांगितला गेला, तो मला सांगावयास पुढचा अर्धा तास लागेल.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत भारतीय लांडगा आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. शिकार या शब्दाची व्याख्या त्या कायद्यात इतकी व्यापक आहे की त्यात जनावर पकडणे, सापळ्यात घालणे, हुसकणे हेही येते. आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे. असा प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त झाला, तरच राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणे नमूद करून लेखी हुकूम द्यावयाचा, आणि मारण्याचा हुकूम तर जनावर पकडता, बेशुद्ध करता किंवा अन्यत्र हलवता येत नाही अशी खात्री पटल्यावर. दुसऱ्या बाजूस प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालील प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आहेत. हे नियम भटक्या कुत्र्याला समुदायातील प्राणी मानतात; त्याला पकडावे, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, आणि जेथून उचलले त्याच जागी परत सोडावे. समुदायातील प्राण्याच्या व्याख्येतून वन्यप्राणी स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत.

आता बांधावरचे ते जनावर घ्या. ते कुत्रा असेल तर त्याला पकडणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य. ते लांडगा असेल तर त्याला पकडणे हा गुन्हा. कुत्रा म्हणून पकडून नसबंदी केली तर नियमाप्रमाणे ते पुन्हा त्याच माळावर सोडले पाहिजे. लांडगा म्हणून हात लावावयाचा नाही असे ठरवले तर ते कळपात राहून आपले मिश्र रक्त पुढे देत राहील. अनुसूचीत संकराचा उल्लेख नाही, नियमांतही नाही. दोन अंमलदार, दोन खाती, दोन दप्तरे, आणि मध्ये एक सजीव प्राणी.

येथे मी संकर हा शब्द वापरला, आणि ज्या जिल्ह्यातील महाडास १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी माणसांनी माणुसकीच्या हक्काने ओंजळीत घेतले, व त्याच वर्षीच्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले, त्या जिल्ह्यात हा शब्द मी जपूनच वापरला पाहिजे. वर्णसंकराच्या भयाने या देशात जे अत्याचार झाले त्यांची भाषा प्राणिशास्त्राच्या आडून परत येऊ नये. पुण्याच्या माळावरच्या त्या पिल्लात काही अपवित्र नाही, त्याचा काही अपराध नाही, आणि त्याला संपवून टाकावे असे म्हणणाऱ्यांच्या ओठांवर मी जेव्हा ‘शुद्ध रक्त’ हे शब्द ऐकतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. आपली चिंता शुद्धतेच्या प्रतिष्ठेची नसावी. एका पक्षाचे तीन हजार आणि दुसऱ्याचे लक्षावधी अशी स्थिती असताना मिश्रण हे मिश्रण राहत नाही, ते एकाचे नाहीसे होणे असते. आपली चिंता तेवढीच असावी.

मग हे जनावर कोणते, हे ठरवावे कोणी? या प्रश्नाचे एक जुने आणि शिकण्याजोगे उत्तर आपल्या समोरच्याच बंदरात, मुंबईत, मिळालेले आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर ठरावीक दिवसांत बेवारशी कुत्री मारावयाचा रिवाज होता आणि मारणाऱ्यास डोक्यामागे आठ आणे इनाम मिळे. बेवारशी कोणते आणि घरचे कोणते, हे मारणाराच ठरवी; आणि ज्याचे पोट आठ आण्यांवर चालते त्याचा निवाडा कोणत्या बाजूस झुकावा? १८३२ च्या जूनमध्ये कोटातल्या पारशी वस्तीत दारात शिरून कुत्री उचलली गेली, तेव्हा लोकांचा संयम सुटला, शिपायांवर हल्ले झाले, बाजार बंद पडले, आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. त्या प्रकरणातला धर्मभावनेचा भाग इतिहासकारांनी पुष्कळ वर्णिला आहे. माझ्यातल्या वकिलाला त्यात पुराव्याचा प्रश्न दिसतो. ओळख पटवण्याचा अधिकार ज्याला मारण्याचा मोबदला मिळतो त्याच्याच हाती दिला, की ओळख चुकणारच.

आज माळावर आठ आण्यांचे इनाम नाही. परंतु ‘हा लांडगा नव्हे, संकर आहे’ असे म्हणण्याची मुभा एकदा गावाला मिळाली, तर प्रत्येक विषारी आमिषाला आणि प्रत्येक काठीला तेच उत्तर तयार असेल. मेलेल्या जनावराचा रंग चुकीचा होता असे सांगणारे साक्षीदार पैशाला पासरीभर मिळतात, आणि दरम्यान ते जनावर पुरले गेलेले असते.

युरोपातील राष्ट्रांनी हा धोका ओळखला आहे. १९७९ च्या बर्न कराराच्या स्थायी समितीने २०१४ साली याच विषयावर जी शिफारस केली, तिचा मला आवडलेला भाग असा की, रानातील संकर प्राणी सरकारने आपल्या नियंत्रणाखाली काढून घ्यावेत, आणि त्याच वेळी खाजगी माणसाने संकराला मारणे बेकायदा ठरवावे, म्हणजे संकराच्या नावाखाली लांडगा मारला जाणार नाही. इटलीत टस्कनीतील ग्रोसेतो प्रांतात याच धर्तीवर जनावरे पकडून सांभाळण्याचा प्रयोग झाला. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार तर मागील चार पिढ्यांत संरक्षित रक्त असेल तर संकराला संरक्षितच धरतो. आणि फार दूर कशाला जावे, लडाखच्या लोकांपाशी या प्राण्याला स्वतंत्र नाव आहे: खी म्हणजे कुत्रा, शांगकू म्हणजे लांडगा, आणि या दोहोंपासून झालेला तो खिबशांग. भाषेने त्याची दखल घेतली. कायद्याने अजून घेतलेली नाही.

माझे म्हणणे आता सरळ मांडतो. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, कारण निरपराध्याला फाशी दिल्यावर ती चूक दुरुस्त करता येत नाही. तोच न्याय येथे लावावा. जनावर लांडग्यासारखे दिसते, लांडग्यासारखे राहते आणि रानात जन्मले आहे, एवढे असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत कायद्याने ते लांडगाच मानावे. कुत्र्याला चुकून लांडगा मानले तर एक कुत्रा काही महिने जास्त माळावर राहील. लांडग्याला चुकून कुत्रा मानले तर ते नुकसान भरून निघणार नाही. असे गृहीत धरल्याने शासनाचे हात बांधले जातात, असा आक्षेप मला एका अधिकाऱ्याने घेतला होता. तो बरोबर नाही. त्याच अधिनियमाच्या बाराव्या कलमात शास्त्रीय व्यवस्थापनासाठी परवाना देण्याची तरतूद आहे, पहिल्या अनुसूचीतील प्राण्याकरिता केंद्र सरकारची पूर्वसंमती घेऊन. ती वापरून वनखात्याने जनावर पकडावे, रक्त तपासावे, आणि संकर निश्चित झाला तर त्याची नसबंदी करावी. मारण्याची गरज नाही. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनामध्ये तांबड्या लांडग्यांच्या क्षेत्रातील कोयोटींची नसबंदी करून त्यांना आपापल्या हद्दीत राहू देतात, ते जागा अडवून धरतात आणि वंश मात्र पुढे जात नाही. हे काम खर्चाचे आहे, सावकाश चालणारे आहे, आणि ते फक्त सरकारच करू शकते. म्हणूनच ते सरकारवर कर्तव्य म्हणून, मुदत घालून, लादले पाहिजे.

परंतु एवढ्याने भागणार नाही, कारण संकर हे लक्षण आहे आणि कुत्र्यांची संख्या हा रोग. जेथून उचलले तेथेच सोडा हा नियम शहरातल्या गल्लीसाठी शहाणपणाचा असेल. अभयारण्याच्या कुंपणाशी तो शहाणपणाचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांविषयीचा आपलाच कडक आदेश अकरा दिवसांत सौम्य करून नसबंदी-लसीकरणानंतर परत सोडण्याचे तत्त्व राखले, आणि तरीही ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री तेथेच परत सोडू नयेत असे सांगितले. जागेनुसार नियम बदलू शकतो, हे तत्त्व तेथे मान्य झाले. ज्या न्यायाने शाळेचे आवार वेगळे, त्याच न्यायाने लांडग्याचा माळ वेगळा मानला जावा, अशी माझी मागणी आहे. आणि कुत्र्यांविषयी मनात कणव असलेला माणूस म्हणून मी ती करतो. जेजुरीच्या खंडोबाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात, दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. या जनावराशी आपले नाते जुने आहे, आणि नाते जुने आहे म्हणूनच त्याला उकिरड्यावर वाढू देऊन रानात हाकलणे ही भूतदया नव्हे.

आपल्या किनाऱ्याचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. उरण-पनवेलच्या खाजणांत, कांदळवनाच्या कडेला, कोल्हा अजून राहतो. कोल्हा आणि कुत्रा यांचाही संकर होऊ शकतो, हे क्रोएशियात २०१५ साली जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. २०२४ मध्ये खाडीपलीकडे चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज सापडला. ज्या फणसाडच्या रानात जंजिऱ्याचे नबाब शिकार खेळत ते १९८६ पासून अभयारण्य आहे. त्याच्या भोवतालच्या गावांतील कुत्री रात्री कोठे जातात याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते?

दिवेआगरच्या पुळणीवर एका फाल्गुनात पहाटे मी कासवाचे फोडलेले घरटे पाहिले. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू थापते आणि समुद्रात निघून जाते. पिले बाहेर यावयास सात आठवडे लागतात. तेथे हातभर खोल खड्डा होता, आणि काठावर अंड्यांची साले ओल्या कागदाच्या बोळ्यांसारखी पसरली होती. एका सालात पिवळा बलक अजून ओला होता आणि त्याला वाळूचे कण चिकटले होते. वाळूत पंजांचे ठसे बोंबील वाळवण्याच्या वलांडीपर्यंत सरळ गेले होते, आणि वलांडीखाली तीन कुत्री पोटभर खाऊन निजली होती. कासव पहिल्या अनुसूचीतले. कुत्रे नियमाने संरक्षित. आणि कासवमित्राने रात्रभर जागून बाकीच्या घरट्यांभोवती बांधलेली जाळी त्याने पदरच्या पैशाने आणलेली. त्याच्या हाताला जाळीच्या तारेने चिरा पडल्या होत्या. नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती या कुत्र्यांना पोसणारा मासळीचा कचरा उचलण्याचा ठेका देतात तेव्हा तो आरोग्याचा विषय म्हणून देतात. तो वन्यजीवांचाही विषय आहे हे त्या ठेक्याच्या कागदात एका कलमाने घालता येईल, आणि ते घालून घेण्यासाठी विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही.

त्या पौषातल्या सकाळची उरलेली हकीकत सांगतो. सूर्य वर आला तेव्हा वाड्यामागच्या ओघळीत एक मेंढी मेलेली सापडली. लांडग्याने जनावर मारले तर धनगराला सरकारकडून नुकसानभरपाई मिळते. कुत्र्याने मारले तर मिळत नाही. दुपारी वनरक्षक मोटारसायकलवरून आला, तरुण मुलगा, चांगला शिकलेला. त्याने मेंढीच्या गळ्यावरची लोकर दोन बोटांनी बाजूला केली, सुळ्यांच्या खुणांमधले अंतर पट्टीने मोजले, पंच म्हणून वर्गमित्राचे आणि माझे नाव घातले, आणि पंचनाम्याच्या छापील कागदावर हल्ला करणाऱ्या वन्यप्राण्याचे नाव लिहावयाच्या ओळीपाशी येऊन थांबला. म्हाताऱ्याने त्याला पांढऱ्या डागाचे सांगितलेच होते, काही लपवले नव्हते. मुलाने एकदा बांधाकडे पाहिले, एकदा म्हाताऱ्याकडे, आणि स्पष्ट अक्षरांत ‘लांडगा’ असे लिहिले. मी त्याखाली सही केली.